मापाचा बिछाना

१

जेवणं आटोपली की नेव्हियो चुलीजवळच्या खुर्चीत डुलकी काढायचा, आणि एर्सीलिया भांडी घासता घासता वारसा समितीला शिव्या घालायची. हा त्या घराचा नेमच झाला होता. शिव्या ती मोठ्यानं घालायची, कारण नेव्हियोला कमी ऐकू यायचं आणि शिव्या वाया गेलेल्या तिला खपत नसत.

"कठडा मागितला रे, एक कठडा! राजवाडा नाही मागितला. दाराबाहेरच्या पायऱ्यांना धरायला लोखंडाचा एक दांडा. तर म्हणे, भिंतीला भोक पाडता येणार नाही!"

"हं," नेव्हियो डोळे मिटूनच म्हणायचा.

नोव्हेंबरात त्याच पायऱ्यांवरून तो पडला. धुकं होतं, दगड ओला होता, हाताला धरायला काही म्हणजे काही नव्हतं. डावा गुडघा कायमचा वाकडा झाला. कंबर तर पोस्टाच्या खिडकीमागे तिकिटं विकता विकता आधीच गेलेली होती. आणखी एकदा पडला तर उठायचा नाही, असं डॉक्टरांनी एर्सीलियाला बाजूला घेऊन सांगितलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. या माणसाला पुन्हा पडू द्यायचं नाही, बस्स.

वारसा समितीतून फाब्री नावाचे गृहस्थ येऊन गेले होते. गळ्यात मफलर, हातात मोजे. गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

"सिन्योरा, इथं एक भोक पाडणं म्हणजे सातशे वर्षांना भोक पाडणं."

"आणि माझ्या नवऱ्याच्या कमरेचं काय? ती वारशात बसत नाही का?"

"बसते ना! तुम्ही दोघं बसता," फाब्री अगदी मनापासून म्हणाले. "या डोंगरावर एवढंसं राज्य इतकी शतकं कसं टिकलं? माणसं राहिली म्हणून. नुसत्या दगडाला कोण विचारतो? हा जिवंत वारसा आहे, आणि तो तुमच्यामुळे जिवंत आहे."

"मग तो जिवंत ठेवायला एक दांडा द्या!"

ते गोड हसले आणि पायऱ्या उतरून गेले. उतरताना भिंतीला धरून उतरले, हे तिनं बरोबर टिपलं.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी ती या हसण्याचाच समाचार घेत होती. बाहेर धुक्यानं खिडकी पुसून टाकली होती, समोरचं घरसुद्धा दिसत नव्हतं. तिनं नळ बंद केला, आणि तेव्हा खालून आवाज आला. टक. टक. टक.

लोखंडावर लोखंड, आणि त्याखाली दगड. हा आवाज ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिचा सासरा या डोंगरावरच्या शेवटच्या पाथरवटांपैकी एक होता.

२

पहिल्यांदा तिला भीती नाही वाटली. तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणजे आम्ही खिळा ठोकायचा नाही, आणि शेजारी कोणी खुशाल खडक फोडतोय! तिनं ओल्या हातानंच फाब्रींना फोन लावला.

"तुमच्या गल्लीत कुठलंही काम चालू नाही, सिन्योरा. परवानगीच नाही कोणाला."

"मग मी काय बहिरी आहे? बहिरा माझा नवरा आहे."

"पाण्याचा नळ ठिबकत असेल."

नळ! तिनं फोन आपटला. डावीकडचं अत्तराचं दुकान ईस्टरपर्यंत बंद होतं. उजवीकडचे गात्ती दोन वर्षांपूर्वीच खाली सेर्राव्हाल्लेला राहायला गेले होते, त्यांच्या खिडकीवर समितीनं 'संरक्षित' असा फलक लावला होता. आता रिकाम्या घरात संरक्षण कोणाचं करतात देव जाणे. तिनं टाच जमिनीवर जोरात आपटली. आवाज थांबला. ती बशा पुसायला लागली तसा पुन्हा सुरू झाला, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखा.

ती दिवा लावून तळघरात उतरली. तळघर म्हणजे डोंगराचंच पोट, तीन बाजूंना बांधकाम आणि मागची भिंत नुसता खडक. वाइनच्या फुगीर बाटल्या, आढ्याला टांगलेलं सलामीचं सॉसेज, कोपऱ्यात सासऱ्याचा हातोडा नि छिन्नी. सगळं जागच्या जागी होतं. ती उतरली तसा आवाजही बंद झाला होता.

फक्त बाटल्यांच्या मानेवर पांढरी धूळ होती. चाळलेल्या पिठासारखी, बारीक. तिनं बोट फिरवून पाहिलं. आठवड्यापूर्वीच तर या बाटल्या तिनं पुसल्या होत्या. जुनं घर आहे, झडतं कुठून तरी, असं स्वतःला सांगत ती वर आली आणि तळघराच्या दाराला तिनं कडी घातली. जुन्या घराच्या धुळीला कडी कशाला लागते, हा विचार तिनं मुद्दाम केला नाही.

३

रविवारी लोरेत्ता आली, त्यांची मुलगी. ती खाली दोगानाला राहायची, सपाटीवर, जिथं देश संपतो तिथं. तिच्या इमारतीत तळमजल्याची जागा रिकामी झाली होती.

"एकही पायरी नाही, मम्मा. न्हाणीघरात स्टीलचा कठडा आहे. आधीच बसवलेला!"

एर्सीलियाचा जन्म या गल्लीतला. चार महिन्यांपूर्वी हे ऐकलं असतं तर तिनं लोरेत्ताला दाराबाहेर काढलं असतं. आज तिनं सूपचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "कधी जायचं?"

"अगं, तू हो म्हणतेस?"

"दगडापेक्षा वीट मऊ. सिमेंट तर त्याहून मऊ असेल. या शहराला आमची हाडं हवीत, आम्ही नकोत. मग राहा म्हणावं तुझ्या तुझ्या भिंती कवटाळून!"

"मी नाही येणार," नेव्हियो म्हणाला.

दोघी वळल्या. तो खुर्चीतून उठून उभा होता. काठी न घेता. एर्सीलियाच्या हाताला न धरता.

"बाब्बो! बरं वाटतंय तुम्हाला?" लोरेत्तानं वडिलांना विचारलं.

"पाठ दुखत नाही आजकाल. दुपारी पडलो की एकदम मोकळी होते."

"खुर्चीत बसून?" एर्सीलियानं विचारलं. आणि तो ताट ठेवायला वळला तेव्हा तिला त्याची पाठ दिसली. काळ्या स्वेटरवर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरी धूळ होती.

"नेव्हियो, तळघरात गेला होतास?"

"मी? आणि पायऱ्या कोण उतरवणार मला, तुझा फाब्री?"

लोरेत्ता हसली. मग हसता हसता म्हणाली, "संताच्या बिछान्याचा गुण आला म्हणायचा, उशिरा का होईना." त्यावर नेव्हियोही हसला. एर्सीलिया तेवढी हसली नाही.

सप्टेंबरातली गोष्ट ती. संत मारिनोच्या सणाला तिघं वर, बासिलिकाशेजारच्या छोट्या चर्चमध्ये गेली होती. तिथं खडकात दोन खळगे आहेत. डोंगरावर आलेला पहिला पाथरवट, म्हणजे आमचा संत, एकात झोपायचा आणि त्याचा मित्र दुसऱ्यात. पाठदुखीची माणसं त्यात घटकाभर आडवी होतात. सगळेच होतात, त्यात विशेष काही नाही. नेव्हियो आडवा झाला, पाय बाहेर आले, आणि छताकडे बघत तो मोठ्यानं म्हणाला, "बिछाना झकास आहे हो, पण मापाचा नाही. आमच्या मापाचा एक करून द्या की!" लोक हसले. मग एर्सीलिया आडवी झाली. तिचा अंबाडा दगडावर आपटला, ती कळवळली आणि तिनंही ठोकून दिलं, "एक कशाला, दोन करा. आणि माझ्यात अंबाड्याला जागा ठेवा!"

तेव्हा चर्चभर हशा पिकला होता.

४

जायचा दिवस ठरला. नेव्हियो खोक्यांकडे बघत नसे. दुपारी आवाज यायचा, तो डुलकी काढत असायचा, आणि आवाज थांबला की तो ताजातवाना उठायचा. एर्सीलिया आता भांडी घासत नसे. ती स्वयंपाकघराच्या दारात, त्याच्याकडे तोंड करून बसायची. तिच्या देखत तो खुर्चीतून हललासुद्धा नाही. तरी संध्याकाळी पाठीवर धूळ असायची.

खुर्चीचं लाकूड किडलं असेल. लाकडाची धूळ पांढरी नसते. मग छताचा चुना. चुना पडतो तर डोक्यावर पडेल, पाठीवर कसा? तिनं स्वेटर झटकला, खुर्ची उलटी केली, आढ्याला झाडू फिरवला. काही सापडलं नाही की तिला आणखी राग यायचा. घाबरायला तिला वेळच नव्हता, ती सारखी चिडलेली असायची, आणि चिडलेलं असणं बरं होतं.

"ऐकू येतंय तुला?" तिनं एकदा विचारलं.

"काय?"

"खाली. टक टक."

बहिरा नेव्हियो, ज्याला शेजारी ओरडलेलं कळत नसे, तो मान कलती करून ऐकत राहिला. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू ताटात गरम पियादिनाची भाकरी पडतेय.

"चांगला हात आहे," तो म्हणाला. "आमचे बाबा म्हणायचे, दगडाला घाई केली की संपलं. एकदा काढलेला तुकडा परत लावता येत नाही."

"कोणाचा हात, नेव्हियो?"

"मला काय माहीत? तुझ्या फाब्रीला विचार." मग हसत, "दुकानातल्या प्रत्येक बशीवर लिहिलंय ना संताचं मरतानाचं वाक्य? 'मी तुम्हाला मोकळं सोडून जातो.' म्हणाला खरा. पण जाताना कोणी पाहिलं त्याला?"

हा त्याचा जुनाच विनोद होता. लग्नाआधीपासून ती ऐकत आली होती. आज तिनं त्याच्या मांडीवर पातेल्याचं फडकं फेकून मारलं.

५

लोरेत्ता दुपारी गाडी घेऊन वेशीपाशी येणार होती. धुकं इतकं दाट होतं की घंटेचा आवाजसुद्धा ओल्या कापडातून आल्यासारखा येत होता. एर्सीलिया वरच्या खोलीतून शेवटची उशी घेऊन खाली आली. खुर्ची रिकामी होती. काठी खुर्चीला टेकलेली होती.

तळघराची कडी उघडी होती.

"नेव्हियो!"

ती पायऱ्या कशी उतरली ते तिलाच कळलं नाही. दिवा आधीच लागलेला होता. मागची भिंत, तो नुसता खडक, पूर्वी होता तसा उरला नव्हता. त्यात दोन खळगे होते. कडा गुळगुळीत, कोपरे झिजलेले. शेकडो वर्षं माणसं अंग टाकत आली असावीत असा त्यांचा दगड चमकत होता.

पहिल्यात नेव्हियो होता. डोळे मिटलेले, हात पोटावर, तोंडावर बाळाची झोप. पाय बाहेर आले नव्हते. त्याचा डावा गुडघा, नोव्हेंबरात वाकडा झालेला, त्यासाठी खडकात वेगळी जागा होती. गुडघा तिच्यात बरोबर बसला होता.

दुसरा खळगा आखूड होता. उजवा खांदा जरा खाली, तिचा होता तसा. आणि डोक्याच्या बाजूला, मधोमध, वाटीएवढा एक गोल खड्डा.

तिचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला.

६

"ऊठ," ती म्हणाली.

"दोन मिनिटं गं."

"ऊठ म्हणते ना! लोरेत्ता थांबलीय."

"कुठंच दुखत नाहीये, एर्सीलिया." तो डोळे न उघडता बोलत होता, हळू, लाडात आल्यासारखा. "कित्ती वर्षांनी. तूही पड ना जरा. तुझंही तयार आहे."

तिनं त्याचा दंड धरून ओढला. तो हलला नाही. तो जड झाला नव्हता, बसला होता, डब्याचं झाकण बसतं तसा. आणि मग जे इतके महिने तिनं समितीसाठी, पायऱ्यांसाठी, धुक्यासाठी साठवलं होतं ते सगळं एकदम वर आलं. कोपऱ्यातून तिनं सासऱ्याचा हातोडा नि छिन्नी उचलली आणि त्या वाटीच्या काठावर घाव घातला.

"मोकळं सोडून जातो म्हणालास ना?" ती किंचाळली. "बशांवर लिहिलंय! पोरांना शाळेत शिकवतात! मग जा ना! कशाला बसलायस इथं आमची मापं काढत? आम्ही थट्टा केली रे, थट्टा! थट्टा कळत नाही तुला?"

घावागणिक दगडाचे कपचे उडत होते. आणि तिच्या प्रत्येक घावानंतर, खडकाच्या आतून, सावकाश, एक घाव येत होता. टक. ती थांबली. आतलाही थांबला.

वाटीत कपच्यांचा चुरा साचला होता. तो चुरा हलला. एर्सीलिया टेबलावरचं पीठ तळव्याच्या कडेनं एका बाजूला सारायची, अगदी तसा तो एका बाजूला सारला गेला. क्षणभर त्या पांढऱ्या धुळीत तळव्याची कडा दिसली, जाड, घट्टे पडलेली, चांगल्या कारागिराची. मग दगडच दिसला.

तिनं छिन्नी टाकली, दोन्ही हात नेव्हियोच्या काखेत घातले आणि होता नव्हता तो जोर लावला. तो सुटला. सुटता सुटता असा ओरडला, की तशी किंकाळी तिनं तो पायऱ्यांवरून पडला तेव्हाही ऐकली नव्हती.

७

गाडीत बसण्याआधी तिनं स्वयंपाकघरातली कोंबडी कापायची कात्री घेतली आणि अंबाडा मुळापासून कापून कचऱ्याच्या डब्यात टाकला. लोरेत्तानं आईचं डोकं पाहिलं, वडिलांचं कण्हणं ऐकलं, आणि गाडी सुरू केली.

दोगानाला सगळं सपाट होतं. नेव्हियोची पाठ पूर्वीपेक्षा जास्त दुखायला लागली. गादी बदलली, गोळ्या बदलल्या. तो तक्रार करत नसे, फक्त दुपारी खिडकीतून डोंगराकडे बघायचा. एर्सीलिया त्याला कठड्याला धरून न्हाणीघरात न्यायची आणि मनात म्हणायची, दुखू दे, पण जिवंत आहेस. हे ती रोज म्हणायची. रोज म्हणावं लागायचं.

एप्रिलात, सहा महिन्यांसाठी राज्य चालवणारे नवे दोन कप्तान गादीवर बसले त्याच आठवड्यात, फाब्रींचा फोन आला. आवाजात लग्नघर.

"सिन्योरा, तुमच्या तळघरात काय सापडलंय माहीत आहे का? तुम्ही यायलाच हवं!"

ती गेली. रिकाम्या घरावर आता समितीचा 'संरक्षित' फलक होता, आणि तिच्याच घराच्या दारात तिला तिकीट विचारलं. तळघराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी नवाकोरा स्टीलचा कठडा होता, भिंतीत भोकं पाडून, पेचानं पक्का आवळलेला.

"हा काय आहे?" तिनं विचारलं.

"पर्यटकांच्या सुरक्षेसाठी. कोणी पडलं तर?"

"सातशे वर्षांना भोक?"

"हे वेगळं आहे, सिन्योरा."

तिनं त्यांच्या मुस्काटात मारली असती. हात उचललाही होता. पण तेव्हा तिची नजर मागच्या भिंतीवर गेली, आणि हात तिथंच राहिला.

"हे खळगे हजार वर्षांच्या अलीकडचे नाहीत," फाब्री उत्साहानं सांगत होते. "झीज पाहा! गंमत म्हणजे आमच्यापैकी कोणालाच ते मापाचे होत नाहीत. कोणासाठी कोरले असतील?"

"फेब्रुवारीत इथं वाटीएवढा खड्डा होता," एर्सीलिया म्हणाली. "या दुसऱ्यात. डोक्यापाशी. मी त्यावर छिन्नी मारली. कपचे उडाले."

फाब्रींनी समजूतदारपणे मान हलवली, म्हाताऱ्या माणसांपुढे हलवतात तशी. "सिन्योरा, दगड कोरता येतो. भरता येत नाही."

तिनं हात लावला. जिथं वाटी होती तिथं दगड सपाट, अखंड, गार होता. सांधा नाही, ओरखडा नाही. हजार वर्षांचा दगड तिच्या तळव्याखाली झिजून मऊ झाला होता. आता तिथं केस कापलेलं डोकं टेकवलं, तर कुठंही टोचणार नव्हतं.

ती वाकून बघत होती तेवढ्यात तिच्या कमरेत कळ आली. ही कळ तिला नेव्हियोला ओढून काढल्या दिवसापासून होती. कोणाला सांगितली नव्हती.

घरी पोचली तेव्हा नेव्हियो न्हाणीघराच्या दारात, कठड्याला धरून, घामेजून उभा होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. घरातून निघाल्यापासून इतक्या दिवसांत तो असा पहिल्यांदाच हसला.

"तुझा झाला मापाचा?" त्यानं विचारलं.

"गप्प बस!" ती ओरडली. "गप्प बस, गप्प बस, मेल्या!"

कमरेतली कळ पाठीभर पसरत गेली. एर्सीलियानं त्याच्या हाताशेजारी कठडा धरला, दोन्ही हातांनी, बोटं पांढरी पडेस्तोवर. लोरेत्ता आली, मम्मा मम्मा करत तिची बोटं उकलायला लागली. तरी तिनं तो सोडला नाही.